चाड्यावरची मूठ

आमच्या बार्शी भागात या तापाला धड नावानं कुणी हाक मारली नाही. कुणी ‘चिकनगुन्या’ म्हणायचं, कुणी नुसतंच ‘गुन्या’. त्याच वर्षी, म्हणजे २००६ च्या फेब्रुवारीत, तिकडं नवापूरला बर्ड फ्लू झालेला. मग हाही कोंबडीचाच रोग, असं म्हणत कितीतरी घरांनी कोंबडी खायची सोडली. कोंबडीचा याच्याशी काडीचा संबंध नव्हता. चिकुनगुनिया हा शब्द आफ्रिकेतल्या माकोंडे बोलीतला. १९५२ साली आताच्या टांझानियात साथ आली, तेव्हा तिथल्या लोकांनी रोगी पाहूनच हे नाव ठेवलं. अर्थ असा, की माणसाला वाकवून टाकणारा.

त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत बघावं तो वाकलेला. आधी दादांना ताप भरला, मग आईला, मग मला. ताप चार दिवसांत उतरला, पण सांधे धरले ते धरलेच. सकाळी पाऊल भुईला टेकवताना डोळ्यांत पाणी यायचं. आईला भाकरी थापता येईना. दादांची बोटं म्हशीच्या सडाभोवती मिटेनात. तालुक्याच्या एका दवाखान्यात ओळीनं सगळ्यांना सलाईन लावत होते. आमची एक शेळी त्यातच गेली. या विषाणूवर नेमकं औषध नाही; ताप-दुखीची गोळी, भरपूर पाणी आणि विसावा एवढाच इलाज, हे सरकारी नर्सबाईंनी फुकटात सांगितलं. पण मिरीग तोंडावर आल्यावर विसावा कुठनं आणायचा?

घरात एकटी आजी तेवढी ताठ होती. सत्तरी ओलांडलेली. धार तीच काढायची, भाकरीही तीच करायची. शेजारणी विचारायच्या, “म्हातारे, तुला कसा न्हाई झाला गं?”

ती म्हणायची, “माझा होऊन गेलाय. बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या साली भावाकडं बार्शीला हुते, तवा धरलं हुतं. दोन म्हैनं जात्याचा खुंटा धरवला न्हाई.”

आम्हाला ती म्हातारीची बडबड वाटायची. पुढं वाचनात आलं, की १९७३ साली बार्शीत खरोखरच चिकुनगुनियाची साथ आली होती. त्यानंतर बत्तीसएक वर्षं हा रोग देशात जवळजवळ दिसलाच नाही. २००६ मध्ये परतला, तेव्हा देशभरात तेरा लाखांहून जास्त संशयित रोगी मोजले गेले. एकदा होऊन गेला की अंगात त्याच्याविरुद्धची ताकद वर्षानुवर्षं टिकते. गावातल्या तरण्यांकडं ती नव्हती, आजीकडं होती.

वाफसा आला. पाभर हाणायला चुलता मिळाला, पण चाड्यावर मूठ कोण धरणार? आमच्यात ते काम आईचं. बी कुठं दाट नाही, कुठं विरळ नाही, असं बोटांच्या फटींतून सोडायचं. सुजलेल्या बोटांनी ते होईना. आजीनं कासोटा घातला, ओटीत तूर घेतली आणि पाभरीमागं चालू लागली. आई बांधावर बसून रडत होती. दुखण्यानं की सासू राबते म्हणून, ते तिलाच ठाऊक. त्या साली तूर उगवली ती आजीच्या मुठीनं.

एका गोष्टीला मात्र आजी बधत नव्हती. आमच्याकडं नळ आठवड्यानं यायचा. रांजण, टिपाड, हौद, सगळं भरून ठेवायचं. नर्सबाईंनी रांजणात बॅटरी मारून वळवळणारे बारीक किडे दाखवले. हा डास दिवसा चावतो, गटारात नाही तर अशा साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणजे नळाची पाळी आणि डासाची पाळी एकच! “आठवड्यातून एक दिवस सगळं कोरडं करा,” बाई म्हणाल्या.

“बहात्तर बघितलेल्या बाईला पानी वतायला सांगती व्हय गं?” आजी तडकली.

बाई शहाण्या. म्हणाल्या, “वाया घालवू नका आजी. गाळून म्हशीला पाजा, उरलं तर शेवग्याला घाला. पण रांजण आतून घासा. अंडी कडेला चिकटून राहतात, कोरड्यातही म्हैनोन्म्हैने मरत न्हाईत.”

हे आजीला पटलं. पाणी सांडायचं नव्हतं, फक्त हलवायचं होतं. आईच्या मनगटातली कळ पुरती जायला वर्ष लागलं. तोवर दर आठवड्याला नळ यायच्या आधी काथ्या घेऊन रांजणात वाकलेली आजी दिसायची. कुणी हंडा घेऊन पुढं झालं की आतूनच ओरडायची, “आदी घास, मग भर!”