मुकी तार

वयाची चाळिशी उलटल्यावर आम्हीं गिटार हातीं धरिली, तेव्हां घरच्या मंडळींस हंसूं आलें. आम्हांसही आलें असतें, पण बोटें दुखत होतीं!

पहिला धडा 'सी' या कॉर्डाचा, म्हणजे एकदम वाजणाऱ्या स्वरांच्या मेळाचा. त्यांत तर्जनी दुसऱ्या तारेवर पहिल्या पडद्यांत उभी टेंकावी लागते. आमची ती कलंडे, शेजारच्या बारीक तारेस लागे, आणि ती तार मुकी होई. ती स्पष्ट बोलेपर्यंत पान उलटावयाचें नाहीं, असा आमचा निश्चय. बोटांच्या टोकांस घट्टे पडले, तीन महिने लोटले; पान तेंच.

वर्गांतील एक विद्यार्थी गिटार चांगली वाजवितो. तो भीत भीत म्हणाला, "सर, डोळे मिटून बोटें ठेवून पाहा. चारपैकीं तीन वेळां जागीं पडलीं, तर पुढें चला."

पडलीं. पुढचा धडा 'ए मायनर'चा. पाहतों तों त्यांतही तर्जनी त्याच जागीं! केवळ अनामिका हलवावयाची. पंधरा दिवस तो वाजविला आणि सहज मागें वळलों, तों मुकी तार बोलूं लागली होती.

त्या रात्रीं झोंप लवकर आली नाहीं. गतवर्षीं एका मुलास आम्हीं संधीच्या पहिल्याच नियमावर महिनाभर अडकवून ठेविलें होतें. अखेर त्यानें संस्कृतच सोडिलें. आणि प्रगतिपुस्तकांत आम्हीं लिहिलें होतें, 'अभ्यासांत लक्ष नाहीं.'