माँसाहेबांच्या मशिदीत

आमचे लोणी काळभोर सोलापूर रस्त्यावर. पाणी म्हटले की मुळा-मुठेतली जलपर्णी आणि रस्ता म्हटला की इंधनाच्या टँकरची रांग, एवढेच आमच्या मुलांना ठाऊक. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत कोकण ठरले. मुलांना समुद्र हवा होता. अम्मींना मात्र नुसते घराबाहेर पडायचे होते. हजच्या सोडतीत तिसऱ्या वर्षीही त्यांचे नाव निघाले नव्हते. वय बासष्ट, त्यात गुडघ्यांची कुरकुर. त्या त्याबद्दल काही बोलत नव्हत्या आणि त्यांचे ते न बोलणेच घरात जड झाले होते.

सातारा, पाटण, कुंभार्ली घाट, चिपळूण असे करत गुहागरला पोहोचलो, दोन दिवस राहिलो. तिथून दापोलीला जायचे तर रस्त्याने मोठा वळसा पडतो. त्यापेक्षा धोपावेला गाडीसकट फेरीबोटीत चढायचे आणि वाशिष्ठीची खाडी ओलांडून दाभोळला उतरायचे. ही बोट 2003 पासून चालते. (वर्तमानपत्रांतून गाजलेला ‘दाभोळ’चा वीज प्रकल्प दाभोळात नाहीच. तो अलीकडच्या काठाला, गुहागर तालुक्यात अंजनवेलजवळ आहे. दाभोळच्या वाट्याला फक्त नाव आले.)

बोट खाडीच्या मध्यावर आली आणि धाकटीने हात लांब केला. माडांच्या आडून एक काळसर घुमट आणि बारीक मिनार दिसत होते, अगदी पाण्याच्या कडेला. गावातली नेहमीची चुनेगच्ची मशीद नव्हे, विजापूरला सहलीत पाहतो तशी. शेजारी उभ्या असलेल्या एका बाईंनी टोपली सावरत सांगितले, “ती माँसाहेबांची मशीद. कोणी अंडा मशीद पण म्हणतात.” इतकी वर्षे आम्ही मुलांना आदिलशाही शिकवतो, पण दाभोळ आमच्या लेखी नकाशावरचा एक ठिपका होता.

खरे तर हा ठिपका एके काळी फार मोठा होता. बहमनी काळापासून दाभोळ हे पश्चिम किनाऱ्यावरचे बडे बंदर. अरबस्तान आणि इराणकडे जहाजे जात, घोडे येत, आणि हजचे यात्रेकरूही इथूनच निघत. पंधराव्या शतकात भारत पाहून गेलेला रशियन व्यापारी निकितिन परत जाताना इथूनच होर्मुझच्या जहाजात बसला. 1508 च्या डिसेंबरात पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मेदाने हे शहर जाळले. त्यानंतर समुद्रावर पोर्तुगीजांचा परवाना घेतल्याशिवाय जहाज काढणे धोक्याचे झाले. हजला निघालेल्यांचीही त्यातून सुटका नव्हती.

धक्क्यावरून मशीद चालत जाण्याइतकी जवळ. आजूबाजूला होड्या, वाळत टाकलेली जाळी, सुक्या मासळीचा वास. काळ्या दगडाची इमारत, समोर कमानी, चार कोपऱ्यांना मिनार आणि वर तो एकच मोठा घुमट. जुन्या रत्नागिरी गॅझेटियरमध्ये आतली मापे 63 फूट आणि 54 फूट दिली आहेत, घुमटाची उंची 75 फूट, आणि बांधकामाचा काळ 1659-60. खाऱ्या वाऱ्याने दगड खाल्ला आहे, पण कमानींवरचे कोरीवकाम बोट फिरवले की अजून हाताला लागते.

जुहरची वेळ झाली होती. गाडीतल्या कॅनच्या पाण्याने वुजू केला. मुसाफिर असल्याने दोनच रकात, कसर. अम्मींनी मागच्या बाजूला भिंतीशी मुसल्ला टाकून बसूनच नमाज पढली. आत इतका गारवा होता की मुलेही गप्प राहिली. नमाजनंतर अम्मींनी विचारले, “या माँसाहेबा कोण?”

गॅझेटियरमधली गोष्ट सांगितली. विजापूरची एक शहजादी, आयेशा बीबी, मक्केला जायला दाभोळला आली. सोबत वीस हजार घोडेस्वार होते म्हणतात. (या आकड्याला आम्ही तरी पूर्ण गुण देणार नाही.) समुद्रात चाच्यांचा सुळसुळाट, म्हणून जहाज निघेना. हजसाठी काढलेला पैसा परत घरी कसा न्यायचा? मग मौलवींच्या सल्ल्याने तिने तो पैसा इथे लावला. पंधरा लाख रुपये लागले, बांधणाऱ्याचे नाव कामीलखान, खर्चाला आठ गावे इनाम. सगळे ‘असे सांगतात’ या सदरातले.

“मग ती गेलीच नाही?”

“गोष्टीत तरी नाही, अम्मी. पण विजापूरच्याच दुसऱ्या एक बेगम गेल्या. मुहम्मद आदिलशहांच्या बेगम, बडी साहिबा. त्या 1661 मध्ये डच कंपनीच्या जहाजाने गेल्या.”

अम्मी हिशोब करत बसल्या. एक-दोन वर्षांचाच फरक. एकीला जहाज मिळाले, एकीला नाही.

“आणि नाव हिचे राहिले होय,” त्या म्हणाल्या. मग हात टेकून उठल्या, मुसल्ला झटकून घडी केला आणि कमानीतून बराच वेळ खाडीकडे बघत उभ्या राहिल्या. पलीकडून बोट पुन्हा येत होती.

दापोलीच्या वाटेवर मुले झोपली. आम्हाला वाटले अम्मींनाही डोळा लागला. तेवढ्यात मागून आवाज आला, “हजचे फॉर्म कधी निघतात? निघाले की भरून टाक.” थोड्या वेळाने पुन्हा, “आणि आपल्या मोहल्ल्यातल्या मशिदीत वुजूला बसायला उंच ओटे नाहीत. म्हाताऱ्या माणसांना किती वाकावे लागते. चार-सहा ओट्यांना काय खर्च येईल, लोणीला गेल्यावर गवंड्याला विचार.”