तुम्ही तशा वाटत नाही

मार्च २०२४ मध्ये शिक्षकांच्या पेहरावाबाबतचा शासननिर्णय आमच्या स्टाफरूममध्ये येऊन पोहोचला तेव्हा मधली सुट्टी चालू होती. शिक्षिकांनी साडी किंवा सलवार, चुडीदार, कुर्ता, दुपट्टा वापरावा. शिक्षकांनी शर्ट-पँट, तोही शर्ट खोचून. जीन्स आणि टी-शर्ट नको. वाचून झाल्यावर आमचे एक उर्दूचे सर आपल्या सुटलेल्या पोटाकडे पाहून म्हणाले, "अब इसको कहाँ खोंसें?" सगळे हसले. मीही हसले. पण संध्याकाळी लोकलमध्ये उभी असताना मनात आले, मी काय घालावे हे शासनाने एका कागदात उरकले. मला मात्र या शहरात येऊन तेरा वर्षे झाली होती आणि माझे अजून पुरते ठरले नव्हते.

मी सोलापूरची. २०११ च्या जूनमध्ये सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईत उतरले. हातात बी.एड.चे प्रमाणपत्र, पिशवीत शेंगांची चटणी आणि कडक भाकरी, आणि कुर्ल्याजवळच्या एका उर्दू शाळेत शिक्षणसेवकाची नोकरी. विषय मराठी. शिक्षणसेवक म्हणजे तीन वर्षे मानधनावर काम, हे वाचकांना वेगळे सांगायला नको. ती तीन वर्षे मी कुर्ल्यात मामूंच्या खोलीत काढली. सहा माणसांत मी सातवी. कपड्यांसाठी मला भिंतीतला एक खिळा मिळाला होता आणि त्या खिळ्यावर चार साड्या होत्या.

साडीच का, हे मला मुंबईत येईपर्यंत कुणी विचारले नव्हते. आमच्याकडे अम्मी सहावारी नेसते. माझी नानी बार्शीकडच्या खेड्यातली, ती आयुष्यभर इरकली लुगडे नेसली. काष्टा न घालता गोल नेसायची, डोक्यावरचा पदर झोपेतही ढळायचा नाही. नमाजला उभी राहिली तरी तेच लुगडे, शेतात खुरपायला गेली तरी तेच. ती मुसलमान वाटते का, हा प्रश्न गावात कुणाला पडला नसेल. ती शेखाची म्हातारी होती आणि सगळे तिला तसेच ओळखत.

मुंबईत कुणी कुणाला ओळखत नाही, त्यामुळे कपड्यांना बोलावे लागते. शाळेत रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात एका विद्यार्थ्याच्या आईने मला विचारले, "टीचर, आप हिंदू हो क्या?" मी नाव सांगितले. ती खजील झाली आणि म्हणाली, "लगता नहीं." त्याच महिन्यात पेपर तपासणीच्या केंद्रावर शेजारी बसलेल्या एका मराठी माध्यमाच्या बाई माझ्याशी तासभर गप्पा मारून, डब्यातली चटणी खाऊन, शेवटी नाव ऐकल्यावर म्हणाल्या, "अगंबाई, तुम्ही तशा वाटत नाही हो!" दोघींचाही हेतू वाईट नव्हता. दुसरीने तर ते कौतुक म्हणूनच म्हटले होते. 'तशा' म्हणजे कशा, हे मी विचारले नाही. तेव्हा वय तेवीस होते, कौतुक कुठल्याही मापाचे असले तरी अंगाला बसते असे वाटायचे.

भाषेचेही तेच. मी वर्गात मुलांना 'ळ' शिकवायचे. उर्दूत ना 'ळ' आहे ना 'ण'. ज्यांचे आईवडील उत्तर प्रदेशातून किंवा बिहारमधून आलेले, ती मुले 'बाळ'ला 'बाल' म्हणत आणि 'पाणी'ला 'पानी'. मी त्यांची जीभ टाळूकडे वळवत बसे. आणि स्टाफरूममध्ये आले की माझे सहकारी माझा 'क़' दुरुस्त करत. आम्हा दखनी बोलणाऱ्यांच्या तोंडी 'क़लम'चे 'खलम' होते, 'वक़्त'चे 'वखत'. "मोहतरमा, गले से निकालिए," असे लखनऊच्या एक बाई रोज सांगायच्या. मराठीच्या तासाला मी शुद्ध आणि उर्दूत गावंढळ. कधी वाटे, मला कुणीतरी एकदा एकाच भाषेत पास करून टाकावे.

२०१४ मध्ये निकाह झाला आणि आम्ही घर शोधू लागलो. मुंब्र्यात बघा, असे प्रत्येकजण म्हणत होता. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतली कितीतरी मुसलमान कुटुंबे पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी जाऊन राहिली आणि मुंब्रा-कौसा वाढत गेला, हे सर्वांना ठाऊक आहे. पण अब्बा मुंब्र्याचे नाव काढू देत नव्हते. एप्रिल २०१३ मध्ये तिकडेच शीळ फाट्याजवळ बांधकाम चालू असलेली बेकायदा इमारत कोसळून ७४ माणसे मेली होती. तो फोटो अब्बांनी वर्तमानपत्रात पाहिला होता. शिवाय माझ्या मनात एक हट्ट होता, तो आज कबूल करते. मला मराठी वस्तीत राहायचे होते. खाली वाण्याशी मराठीत बोलायचे होते. १९९० साली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन आमच्या सोलापुरात झाले. अब्बा ते ऐकायला गेले होते आणि मी दोन वर्षांची होते. त्यांच्या तोंडून त्या मांडवाच्या गोष्टी ऐकत मी वाढले. मराठी आपलीच, मग मराठी वस्ती आपली कशी नसेल, असा माझा साधा हिशेब होता.

हिशेब फोनवर जुळायचा. एजंट माझे मराठी ऐकून खूश. "मॅडम शिक्षिका आहेत, मग काय प्रश्नच नाही." नाव विचारले की पलीकडे थोडी शांतता, मग "मालकांना विचारून कळवतो." एकाने तेवढे तरी सरळ सांगितले, "सोसायटीचं तसं ठरलंय, माझ्या हातात नाही." सात-आठ घरे अशी गेली.

आता जे सांगायचे ते सांगायला मला दहा वर्षे लागली. २०१५ च्या पावसाळ्यात एका ठिकाणी घर बघायला जायचे होते. एका मैत्रिणीने सुचवले, "नाव नंतर सांग, आधी मालकिणीला तू आवडू दे. आणि जरा एक टिकली लाव गं, त्यात काय एवढं." मी स्टेशनबाहेरच्या टोपलीतून पाच रुपयांचे पाकीट घेतले. आरशासारख्या एका काचेत बघून टिकली लावली. नवरा शेजारी उभा होता, तो रस्त्याकडे पाहत राहिला.

घर छान होते. स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी. मालकीणबाईंनी चहा दिला, सोलापूरच्या चादरींची चौकशी केली, ओट्याची उंची मला पुरते का ते उभे करून पाहिले. मी अर्धा तास त्या बाईला आवडत राहिले. मग करारासाठी आधार कार्डाची गोष्ट निघाली, मी ते काढून दिले. त्यांनी कार्ड वाचले, माझ्या कपाळाकडे पाहिले आणि कार्ड दोन्ही हातांनी परत केले. रागावल्या नाहीत. फक्त इतकेच म्हणाल्या, "खोटं कशाला बोललात?"

घर नाकारल्याचे दुःख मला ओळखीचे झाले होते. पण या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. मी काहीच खोटे बोलले नव्हते आणि तरीही त्या बरोबर होत्या. खरे नाव सांगितले असते तर चहा मिळाला नसता, हेही तितकेच बरोबर. परतीच्या गाडीत मी टिकली काढून बोटावर घेतली, ती कुठे टाकावी ते कळेना. शेवटी पर्समध्ये रेल्वेच्या पासाच्या मागे चिकटवली. कपाळावर गोंदाचा गोल राहिला होता, घासला तरी जाईना. टिकलीत वाईट काही नाही. माझ्या कितीतरी मैत्रिणींच्या कपाळावर ती शोभते. ती मी लावली होती ती मात्र शोभेसाठी नव्हती. नवऱ्याने त्यावर आजपर्यंत एक शब्द काढलेला नाही. काढला असता तर बरे झाले असते.

२०१६ मध्ये आम्ही मुंब्र्यात आलो. अब्बांनी सोलापूरहून येऊन इमारतीची परवानगी, नकाशा, सगळे स्वतः वाचले, कारण बेकायदा बांधकामात घरही धोक्यात आणि पैसाही. तिसरा मजला, लिफ्ट नाही. खिडकीतून पारसिकचा डोंगर दिसतो आणि पावसाळ्यात त्यावरून पाण्याच्या पांढऱ्या रेघा उतरतात. पाणी दिवसाआड, तेही पहाटे.

आणि इथे पुन्हा तोच प्रश्न, उलट्या बाजूने. माझ्या जिन्यात सगळ्या जणी बुरख्यात. मी साडीत, केसांवर पदर. "मैडम, आप लोग मराठी हो? मतलब... मुसलमान ही ना?" एका आजींनी तर मला दोन सूरा म्हणायला लावून खात्री करून घेतली. मला हसू आले आणि थोडे रडूही. पहिले वर्ष मी जिन्यात बुरखा घालायचे आणि ठाण्याला उतरणाऱ्या बायकांनी जागा केली की गाडीत तो काढून घडी करायचे. माझ्यासारख्या दोघीतिघी होत्या, आमची एकमेकींशी नजरानजर व्हायची. पुढे एकदा घाईत बुरखा घरीच राहिला आणि आकाश कोसळले नाही. तेव्हापासून साडी, त्यावर मोठी ओढणी, खांद्याला दोन पिना. पिना या गाडीसाठी. कल्याण-डोंबिवली-दिव्याहून भरून आलेल्या लोकलमध्ये मुंब्र्याला चढायचे म्हणजे अंगावर लोंबणारे काही असता कामा नये. २०२५ च्या जूनमध्ये आमच्याच स्टेशनाजवळ भरल्या गाड्यांतून माणसे पडून मेली, तेव्हापासून मी तिसरी पिन लावते. माझ्या पेहरावाची कुणी चौकशी केली तर सांगते, हा मध्य रेल्वेने ठरवला आहे.

वर्गात बार्शीच्या शाहीर अमर शेखांची माहिती मी दरवर्षी सांगते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ज्यांच्या आवाजाने मैदाने भरली ते आपले 'शेख' होते, असे म्हटले की मागच्या बाकावरची मुले सरळ बसतात. तशीच एक मुलगी आमच्या जिन्यात राहते, तळमजल्यावर. बाप जौनपूरचा, आई गोरखपूरची. गेल्या डिसेंबरमध्ये तिच्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये तिला लावणीत नव्हे, शेतकरीगीतात घेतले आणि नऊवारी आणायला सांगितली. तिची आई माझ्या दारात. "आप तो मराठी हो ना, पहना दो." जिन्यातल्या आणखी पाचजणी मागे.

नानीचे लुगडे माझ्या ट्रंकेत होते. पण काष्टा मला येत नव्हता. अम्मीला व्हिडिओ कॉल लावला. अम्मी म्हणाली, "मेरेकू कहाँ आता गे? अपने में गोल नेसते. ठैर, बाजू की काकूकू बुलाती." पाच मिनिटांनी पडद्यावर काकू आल्या, हातात पीठ. त्या मराठीत सांगत होत्या, अम्मी ते दखनीत, मी हिंदीत, आणि मुलगी ओढून ओढून हैराण. "निऱ्या अजून बारीक घे. आता मागं ने. कमरेला घट्ट, लाजू नको म्हणावं तिला." नानीचे लुगडे अकरा वर्षांच्या पोरीला दोन वेढे जास्त बसत होते. भाभींनी बुरख्याच्या पिना काढून दिल्या.

झाल्यावर काकूंनी तिला खोलीत चालायला लावले. मग म्हणाल्या, "आता जिना उतरून दाखवू दे. सुटायचं असलं तर तिथंच सुटतंय." आम्ही सगळ्या कठड्यावरून वाकलो, मी फोन खाली धरला, आणि पोर दोन्ही हातांनी काष्टा सांभाळत एकेक पायरी उतरू लागली.