काकांच्या वहीतली मोटार

विजेवर चालणाऱ्या मॉडेल ग्लायडरची मोटार आणि तिच्यापुढचा मिटणारा पंखा यांची जोडी कशी जमवायची, हे मी पेणच्या एका मोटार रिवाइंडिंगवाल्याकडून शिकलो. सगळे त्यांना काकाच म्हणायचे. जन्मात त्यांनी कधी विमानाचं मॉडेल उडवलं नव्हतं. त्यांच्या दुकानात यायच्या त्या शेतावरच्या पंपाच्या मोटारी, पिठाच्या गिरणीच्या, गणपतीच्या कारखान्यातल्या कॉम्प्रेसरच्या. तरीही आज माझं ग्लायडर हातातून सुटताना माझ्या मनात धाकधूक नसते, ते त्यांच्यामुळे. हे ऋण फेडायची माझी ऐपत नाही. निदान ते कशाचं आहे एवढं तरी नीट सांगावं, म्हणून लिहायला बसलो.

मी जित्याचा. पनवेल-रोहा मार्गावर आपटा गेलं की जिते, पुढे हमरापूर आणि मग पेण. भातकापणी झाली की इथली शिवारं मोकळी होतात. थोड्याच दिवसांत काही खाचरांत वाल उगवतात. ती सोडून बाकीचं रान उडवायला मिळतं. उत्तरेला कर्नाळ्याचा सुळका दिसतो. ऊन तापलं की रानातून गरम हवा वर उठते, आणि ती कुठे उठते हे घारी दाखवतात. ग्लायडरचं सगळं सुख या हवेत आहे. मोटार फक्त तिथवर पोचण्यापुरती. विमान हातानं फेकायचं, मोटारीनं अर्धा मिनिट चढवायचं, मोटार बंद करायची आणि पुढचा वेळ घारींच्या मागे घालवायचा. जागतिक हवाई क्रीडा महासंघाच्या एफ5जे या स्पर्धाप्रकारातही मोटार जास्तीत जास्त 30 सेकंदच चालवता येते. जितक्या जास्त उंचीवर बंद कराल तितके जास्त गुण कापले जातात, आणि 200 मीटरच्या वर तर फारच कडक कापणी होते.

मोटार बंद झाल्यावर पुढचा पंखा नुसता वाऱ्यानं फिरत राहिला, तर विमानाला मागे खेचतो. थांबून आडवा राहिला तरी अडथळाच. शिवाय ग्लायडरला चाकं नसतात. ते पोटावर उतरतं आणि खाली आलेलं पातं ढेकळाला लागलं की तुटतं, नाहीतर मोटारीचा दांडा वाकवतं. म्हणून पाती बिजागरीवर बसवलेली असतात. मोटार फिरली की ती आपसूक उघडतात. मोटार थांबली की समोरून येणारा वारा त्यांना मागे, विमानाच्या नाकाला लगटून मिटवतो.

हे सगळं मला वाचून ठाऊक होतं. माझ्याकडे दोन मीटर पंखांचं, किलोभराहून थोडं जास्त वजनाचं ग्लायडर होतं, एक छोटी ब्रशलेस मोटार होती आणि तीन सेलची लिथियम पॉलिमर बॅटरी होती. पंखा कुठला लावायचा हा प्रश्न सुटत नव्हता. दहा इंची, अकरा इंची, बारा इंची, प्रत्येकाचा पिच निराळा. मोटारीबरोबर कागद आला नव्हता. कुणीतरी म्हणालं, रिवाइंडिंगवाल्या काकांना विचार.

काकांनी मोटार हातात घेतली. ती त्यांच्या मुठीत दिसेनाशी झाली. तीन वायरी बाहेर आलेल्या पाहून म्हणाले, "थ्री फेज आहे की ही. उलटी फिरली तर कुठल्याही दोन वायरी बदल." पंपाच्या मोटारीचं करतात तेच. मग बाहेरची चुंबकाची वाटी काढायला लावली, भिंग लावून आतले दात मोजले, वाटीतले चुंबक मोजले. बारा दात, चौदा चुंबक. "स्टार जोडलीय का डेल्टा?" मला सांगता येईना. त्यांनीच पाहिलं आणि समजावलं की तेच वेटोळं स्टारऐवजी डेल्टा जोडलं, तर दर व्होल्टमागे मिळणारे फेरे 1.73 पट होतील, करंटही त्या मानानं वाढेल. वेटोळ्याचे टर्न वाढवले तर फेरे कमी होतील. मोटारीच्या अंगावर 1000 केव्ही असं छापलेलं होतं, म्हणजे मोकळी फिरवली तर एका व्होल्टला मिनिटाला 1000 फेरे. त्या आकड्यामागे तांब्याची किती वेटोळी आहेत हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

नंतर त्यांनी विचारलं ते मी आजवर विसरलेलो नाही. "मोटारीचं राहू दे. हिच्यावर लोड काय?"

माझी सगळी समज त्या एका प्रश्नानं पालटली. मोटार आपल्या मर्जीनं जोर लावते आणि पंखा निमूटपणे फिरतो, असं मला वाटत होतं. काकांनी आयुष्यभर जळलेल्या मोटारी उघडल्या होत्या. त्यांचं म्हणणं, मोटार तिच्या व्होल्टेजला शोभेल त्या वेगानं फिरायला बघते. तिथवर जायला लागेल तेवढा करंट ती ओढते, आणि किती लागेल हे पुढचा लोड ठरवतो. पंपात इंपेलर दोन सूत मोठा टाकला की मोटार तापते. तसंच इथे. पंख्याला लागणारी ताकद व्यासाच्या साधारण चौथ्या घाताने आणि फेऱ्यांच्या तिसऱ्या घाताने वाढते. एक इंच वाढवला तर काय बिघडतं, असं म्हणायची सोयच उरत नाही.

"अंदाज नको. माप," काका म्हणाले.

माप घ्यायचं तर त्यांचा टाँग टेस्टर उपयोगाचा नव्हता. तो एसीचा, बॅटरीतून येणारा करंट डीसी, तो त्याला दिसायचा नाही. म्हणून मी छोटा वॉटमीटर आणला. तो बॅटरी आणि मोटारीचा वेग सांभाळणारा स्पीड कंट्रोलर यांच्या मधे जोडला. मोटार लाकडी फळीवर आवळली, फळी शिकंज्यात धरली. "पात्याच्या रेषेत उभं राहायचं नाही, मागे ये," हे त्यांनी दर वेळी सांगितलं, मी मागे असतानाही. फेरे मोजायला माझ्याकडे प्रकाशावर चालणारा टॅकोमीटर होता. काकांनी आधी तो दुकानातल्या चोकवाल्या ट्यूबलाइटकडे धरायला सांगितला. आकडा 3000 वर स्थिर झाला. वीज 50 हर्ट्‌झची, म्हणजे ट्यूब सेकंदाला 100 वेळा लुकलुकते, मिनिटाला 6000 वेळा; यंत्र दोन पात्यांवर लावलेलं, म्हणून 3000. "बरोबर दाखवतोय. आता याच्यावर विश्वास ठेव." माप घेण्याआधी मापकच तपासायचा, हा संस्कार माझ्यावर तिथे झाला.

मग एकेक पंखा चढवला. दहा बाय सहाच्या, म्हणजे दहा इंच व्यास आणि सहा इंच पिचच्या पंख्यानं 18 अँपियर घेतले. अकरा बाय सहानं 24. बारा बाय सहा लावला तेव्हा आकडा 31 वर गेला. कंट्रोलर 30 अँपियरचा होता, म्हणून तो लगेच बंद केला. काकांनी प्रत्येक वेळी मोटारीला बोटाची पाठ लावून पाहिली. या मोटारींतले निओडिमियमचे चुंबक ताकदवान असतात, पण त्यांच्या साध्या प्रकारांना 80 अंशांच्या वरची उष्णता मानवत नाही. एकदा गेलेलं चुंबकत्व मोटार थंड झाली म्हणून परत येत नाही.

अकरा बाय सहावर आम्ही थांबलो, पण तेवढ्यावर काकांचं समाधान नव्हतं. करंट बरोबर आहे, काम बरोबर होतंय का? पिच सहा इंच म्हणजे पंखा एका फेऱ्यात, लाकडात स्क्रू जावा तसा, सव्वापंधरा सेंटिमीटर पुढे जायला बघतो. मिनिटाला सुमारे 8000 फेरे, म्हणजे सेकंदाला वीस मीटर. माझं ग्लायडर सेकंदाला सात-आठ मीटरच्या खाली आलं की पडायला लागतं. त्या वेगाच्या अडीच पटींहून जास्त वेग पंखा देत होता; चढाईला तेवढा पुरतो. याहून जास्त पिच घेतला असता, तर हातातून सुटताना विमानाला वेग नसतो तेव्हा पात्यांवरची हवा सुटून गेली असती आणि करंट फुकट गेला असता. ताकद 260 वॉट, वजन किलोच्या थोडं वर, म्हणजे तीही पुरेशी. हा हिशेब काकांनी गिरणीच्या बिलामागे पेन्सिलीनं मांडला. हवेत गेल्यावर समोरून वारा येतो, पंखा हलका होतो आणि करंट थोडा उतरतो, हेही त्यांनी पंपाच्या अनुभवावरून आधीच सांगून ठेवलं.

मिटण्याचा भाग उरला होता. मोटार बंद केली तरी वाऱ्यानं पंखा फिरत राहिला तर पाती मिटत नाहीत, म्हणून कंट्रोलरमध्ये ब्रेक चालू करावा लागतो. ब्रेक म्हणजे काय, हे काकांनी माझ्या हातालाच दाखवलं. मोटारीच्या तिन्ही वायरी मोकळ्या ठेवून फिरवायला सांगितली, सहज फिरली. मग तिन्ही एकत्र पिळल्या आणि म्हणाले, फिरव आता. तीच मोटार चिकट झाली, जणू आत कुणी धरून ठेवत होतं. आपणच तयार केलेल्या विजेनं मोटार आपल्याला थांबवते. कंट्रोलर हेच करतो. मात्र ब्रेक मऊ ठेवायचा, नाहीतर पाती बिजागरीवर आपटतात.

दुसरं ऋण हमरापूरच्या एका ताईचं. ती मूर्तींच्या कारखान्यात आखणी करायची, म्हणजे गणपतीचे डोळे रंगवायची. माझ्या पंख्याचं एक पातं दुसऱ्यापेक्षा किंचित हलकं होतं आणि आठ हजार फेऱ्यांवर तेवढ्यानंही विमानाचं नाक थरथरायचं. हलक्या पात्यावर लॅकरचा हात द्यायचा, पण तो कुठेही जाड होता कामा नये. तिनं आखणीचा बारीक ब्रश घेतला, पात्याच्या पाठीवर टोकाकडून आत तीन-चार रेघा ओढल्या, वाळू दिल्या, तोलून पाहिलं आणि पुन्हा एक रेघ ओढली. पातं सुईवर समतोल राहिलं. नाकाची थरथर गेली ती पुन्हा आली नाही.

आणि शिवार? ज्या खाचरातून मी उडवतो ते माझं नाही. त्या घरच्या काकूंनी मला एवढंच सांगितलं की वालात पाय घालू नकोस. थंडीत वालाच्या शेंगांची पोपटी लागते तेव्हा त्या घरचं माणूस मला हाक मारायला येतं.

हे ऋण आपल्या तालुक्यापुरतं नाही, हे मला हळूहळू उमगलं. ब्रिटनमध्ये कर्नल एच. जे. टॅप्लिन यांनी 30 जून 1957 रोजी विजेच्या मोटारीवरचं रेडिओ-नियंत्रित मॉडेल उडवून दाखवलं. फ्रेड मिलिटकी यांनी विजेवरची मॉडेल विमानं घडवता घडवता माणूस बसेल अशा विमानापर्यंत मजल मारली. 21 ऑक्टोबर 1973 रोजी ऑस्ट्रियातल्या वेल्स इथे हाइनो ब्रडिच्का ते विमान घेऊन काही मिनिटं हवेत होते. माझ्या मोटारीतले चुंबक आले ते जपानमध्ये मासातो सागावा आणि अमेरिकेत जनरल मोटर्सचे संशोधक 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला स्वतंत्रपणे त्याच धातुमिश्रणापर्यंत पोचले म्हणून. ही माणसं एकमेकांपासून दूर होती, आणि काकांपासून तर कितीतरी दूर. काका त्यांना ओळखत नव्हते. पण मोटारीशी कसं वागायचं याबाबत त्या सगळ्यांचं एकमत झालं असतं, याबद्दल मला शंका नाही.

काकांच्या दुकानात एक जाड वही होती. आलेल्या प्रत्येक मोटारीची त्यात नोंद असायची: दात किती, टर्न किती, वायरीचा गेज, जोडणी, चालू झाल्यावरचा करंट. आमचं काम संपल्यावर त्यांनी ती उघडली. एका पाच हॉर्सपॉवर पंपाच्या खाली आणि गिरणीच्या मोटारीच्या वर त्यांनी माझ्या मोटारीची ओळ लिहिली. बारा दात, चौदा चुंबक, पंखा अकरा बाय सहा, 24 अँपियर. मशीनच्या रकान्यात 'विमान' असं लिहिलं. मी पैशांचं विचारलं तर म्हणाले, "हिचं रिवाइंडिंग केलं का मी? मग कशाचे पैसे?"

मला मिळालं ते यात आहे. शाळेत आणि नंतर डिप्लोमाला मी स्टार-डेल्टा शिकलो होतो, परीक्षेत लिहिलंही होतं. पण एका पोराच्या हौसेच्या मोटारीला पंपाच्या मोटारीइतक्याच गांभीर्यानं मापायचं असतं, हे कुठल्या वर्गात शिकवलं नव्हतं. काकांनी माझ्या हौसेला खेळ म्हटलं नाही. त्यांनी तिला वहीत जागा दिली.

आता काका दुकानात बसत नाहीत. नजर साथ देत नाही. माझ्याकडे आसपासच्या गावांतली मुलं येतात. ड्रोन नियम 2021 मध्ये आले, त्यात मॉडेल विमानांचाही विचार आहे, म्हणून उडवण्याआधी हवाई क्षेत्राचा नकाशा बघायचा हे मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगतो. दुसरी गोष्ट वॉटमीटरची. पंखा चढवल्यावर करंट मोजला नाही तर विमान शिवारात न्यायचं नाही, आणि मोजलेलं वहीत लिहायचं. मुलांच्या वह्या भरतायत.

माझं एक मागणं आहे, आणि ते तंत्रशाळांत शिकवणाऱ्या सगळ्यांपुढे आहे. पेणला, रोह्याला, तालुक्याच्या प्रत्येक गावी रिवाइंडिंगचं एखादं दुकान असतंच. तिथल्या माणसानं हजारो मोटारी उघडलेल्या असतात आणि त्या का जळल्या हे त्याला तोंडपाठ असतं. मुलांना एक दिवस त्याच्याकडे घेऊन जा. त्या दिवसाची त्याची मजुरी द्या, त्याला नमस्कार करा, आणि त्याची वही मुलांना वाचायला मागा. विमानं बनवणारी मुलं आपल्याकडे पुष्कळ आहेत. काकांसारखी माणसंही आहेत. त्यांची गाठ घालून देणं एवढंच बाकी आहे, आणि ते करणं आपल्या हातात आहे.