उंची नेमकी कुठपर्यंत मोजायची?

क्वालालंपूरच्या पेट्रोनास जुळ्या मनोऱ्यांना लागूनच बाग आहे आणि बागेच्या कडेला अस-शाकिरीन मशीद. तिथे असरची नमाज अदा करून आम्ही बाहेर आलो आणि माना वर केल्या. ८८ मजले, ४५२ मीटर उंची. मजल्यांचा आराखडा इस्लामी नक्षीतल्या आठ टोकांच्या चांदणीवर बेतलेला. ४१ व ४२व्या मजल्यांवर दोन्ही मनोरे पुलाने जोडलेले आहेत.

याच ४५२ मीटरांवरून १९९६ मध्ये मोठा वाद झाला. तोवर शिकागोचा सिअर्स टॉवर (आताचा विलिस टॉवर) जगात सर्वांत उंच मानला जाई. त्याचे ११० मजले, छप्पर ४४२ मीटरवर. पेट्रोनासचे छप्पर त्याहून खाली. वर जाते ते निमुळते शिखर. उलट सिअर्सवरचे अँटेना धरले, तर तो ५०० मीटरच्या पुढे जातो. मग उंच कोण?

उंच इमारतींची नोंद ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय परिषदेने निवाडा दिला. मुख्य दारापासून मोजायचे. शिखर हा रचनेचा भाग, म्हणून धरायचे. अँटेना आणि झेंड्याची काठी सोडायची. पहिला क्रमांक पेट्रोनासला मिळाला. शिकागोकर नाराज झाले. मग छपराची उंची आणि माणसांच्या वापरातला सर्वांत वरचा मजला यांचे वेगळे क्रम ठरले. त्या दोन्हींत सिअर्स पुढे राहिला.

गंमत अशी, की सिअर्सचा सांगाडा उभा करणारे अभियंते फजलुर रहमान खान मूळचे ढाक्याचे. नऊ चौकोनी नळ्यांची जुडी बांधावी, तशी त्यांची रचना. जेद्दाहमार्गे हजला गेलेल्या वाचकांनी विमानतळावरचे तंबूंसारखे छत पाहिले असेल; ते हज टर्मिनलही त्यांच्याच कामांपैकी. १९८२ मध्ये जेद्दाहलाच त्यांचा इंतकाल झाला.

आज दुबईचा बुर्ज खलिफा ८२८ मीटरांनी पहिला आहे. पण तिथे माणसाचा वावर सुमारे ५८५ मीटरपर्यंतच. त्यावरची २४० मीटरांहून जास्त उंची कुणाच्या राहण्या-बसण्याची नाही. म्हणून मुले सामान्यज्ञानासाठी उंच इमारतींचे क्रम पाठ करतात, तेव्हा आम्ही वर्गात एक प्रश्न जोडतो: ‘कुठून कुठपर्यंत मोजून?’ मोजमापाचा नियम विचारल्याशिवाय पहिला-दुसरा ठरवू नये. इमारतींचाही नाही आणि माणसांचाही नाही.