आकाशाची भाषा आणि उर्दू शाळेतली मुलगी

डहाणू-तलासरीच्या आमच्या पट्ट्यात विमानतळ नाही. वाढवण बंदराबरोबर विमानतळाचीही चर्चा अलीकडे कानावर येते, पण ती पुढची गोष्ट. आज आमच्याकडे विमान म्हणजे चिकूच्या वाड्यांवरून जाणारा आवाज आणि रात्री दिसणारे लुकलुकते दिवे. माझ्या नववीच्या वर्गातल्या एका मुलीने ‘मी मोठी होऊन’ या निबंधात ‘पायलट’ लिहिले, तेव्हा वर्ग हसला. त्यात विशेष काही नाही, वर्ग कशालाही हसतो. पण पालकसभेत तिचे अब्बाही हसले आणि म्हणाले, “टीचर, उर्दू मीडियमच्या मुलीला तिकडे कोण विचारणार? विमानात सगळं इंग्लिश. दहावी होऊ दे, मग चांगलं स्थळ बघू.”

हसणे मी सोडून दिले, पण ‘सगळं इंग्लिश’ हे शब्द काही डोक्यातून जाईनात. मी उर्दू आणि मराठी शिकवते. विमानात बसले तेही उमऱ्याला जाता-येता. तरी भाषा हा माझा विषय आहे, म्हणून उन्हाळ्याच्या सुटीत मी वैमानिकांची भाषा म्हणजे नेमके काय, ते वाचून काढले.

पहिली गोष्ट कळली ती ही, की ही भाषा इंग्रजी असली तरी शेक्सपिअरची नव्हे. रेडिओवर खरखर असते, बोलणारे देशोदेशींचे असतात, म्हणून शब्द मोजके आणि त्यांचे अर्थ ठरलेले. ‘बी’, ‘डी’, ‘पी’ ही अक्षरे कानाला सारखीच लागतात, त्यामुळे प्रत्येक अक्षराला एक शब्द दिला आहे. १९५६ पासून जगभर हीच वर्णमाला चालते. ‘डहाणू’ सांगायचे तर डेल्टा, अल्फा, होटेल, अल्फा, नोव्हेंबर, युनिफॉर्म. ‘तलासरी’च्या शेवटी तर ‘इंडिया’ येतो, त्यावर मुले फारच खूश झाली. आपल्या उर्दूत ही अडचण जुनीच आहे. इमला लिहिताना मुले विचारतातच ना, ‘ते’ की ‘तोय’? ‘छोटी हे’ की ‘बडी हे’? ‘फाइव्ह’ आणि ‘नाइन’ यांची गल्लत नको म्हणून वैमानिक ‘फाइफ’ आणि ‘नाइनर’ म्हणतात. इंग्रजीच्या तासाला हाच उच्चार केला तर गुण कापले जातील!

‘रॉजर’ म्हणजे ‘हो’ असे सिनेमे पाहून आपल्याला वाटते. त्याचा अर्थ फक्त ‘तुमचे बोलणे पूर्ण ऐकू आले’ एवढाच. ‘तसे करतो’ म्हणायचे असेल तर ‘विल्को’, होकाराला ‘अफर्म’, नकाराला ‘निगेटिव्ह’. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे ‘रीडबॅक’. टॉवरने उंची, दिशा, धावपट्टी सांगितली की वैमानिकाने ती जशीच्या तशी म्हणून दाखवायची. टॉवरने कान देऊन ऐकायची आणि चुकली तर तिथेच दुरुस्त करायची. ज्यांच्या घरात एखादे मूल हिफ्झ करते, त्यांना हे वेगळे समजावायला नको. सबक सुनावणे आणि उस्तादांनी टोकणे, तीच ही रीत.

शब्द सैल सुटला की काय होते, याचे दोन दाखले मी वर्गात सांगितले. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या तेनेरिफ बेटावर धुक्यात दोन जंबो विमाने धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे गेली. उड्डाणाची परवानगी मिळालेली नव्हती. डच वैमानिकाने ‘टेक-ऑफ’वर आहोत अशा अर्थाचे अर्धवट वाक्य उच्चारले, टॉवरने ते ‘थांबलो आहोत’ असे घेतले आणि ‘ओके’ म्हटले. त्यानंतर ‘टेक-ऑफ’ हा शब्द फक्त प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा रद्द करताना वापरायचा असे ठरले. एरवी ‘डिपार्चर’.

दुसरा दाखला आपल्याच देशातला. १२ नोव्हेंबर १९९६, हरियाणातले चरखी दादरी. दिल्लीहून निघालेल्या सौदी विमानाला १४,००० फुटांवर ठेवले होते आणि उतरणाऱ्या कझाक विमानाला १५,००० फुटांवर. कझाक विमान त्याखाली आले. ३४९ जणांपैकी कोणीही वाचले नाही. आखातात कामाला निघालेली कितीतरी घरची कर्ती माणसे त्या सौदी विमानात होती. चौकशीत जी कारणे पुढे आली, त्यांत कझाक वैमानिकांचे तुटपुंजे इंग्रजी हेही होते. आंतरराष्ट्रीय उड्डाणे करणाऱ्या वैमानिकांना आज इंग्रजीच्या सहा पातळ्यांपैकी किमान चौथी गाठावी लागते. म्हणजे मुलीच्या अब्बांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. इंग्रजी लागते आणि नीट लागते. पण चौथ्या पातळीवर बोलण्यात गावचा सूर असला तरी चालतो. समोरच्याला समजले पाहिजे आणि समोरच्याचे आपल्याला. एवढे इंग्रजी उर्दू माध्यमातली मुलगी शिकू शकत नाही, हे मानायला मी तयार नाही.

शिवाय या भाषेत आपलेही काही आहे. उर्दूत विमानाला ‘तय्यारा’ म्हणतात, त्याच्या मुळाशी अरबीतला ‘तैर’, पक्षी. श्रवण नक्षत्रातल्या ठळक ताऱ्याला इंग्रजीत ‘अल्टेअर’ म्हणतात, तो अरबी ‘अन-नस्र अत-ताइर’, उडता गरुड. उपग्रह नव्हते तेव्हा वैमानिक ज्या ताऱ्यांवरून वाट काढत, त्यांत हाही होता. दिशेचा कोन सांगणारा ‘अझिमथ’ हा शब्दही अरबीतूनच गेला. आणि जुन्या गलबतांवर वाट दाखवणाऱ्याला आपल्या किनाऱ्यावर ‘मालिम’ म्हणत, तो शब्द ‘मुअल्लिम’वरून आला. म्हणजे शिक्षक! हे वाचून मी दिवसभर उगाच ताठ चालत होते.

एक गंमत मुंबईच्या धावपट्टीची. धावपट्टीचा आकडा म्हणजे होकायंत्रावरची दिशा, शेवटचे शून्य गाळून. मुंबईच्या मुख्य धावपट्टीचे एक नाव २७, म्हणजे २७० अंश, नेमकी पश्चिम. आपल्या भागातून किब्ला सुमारे २८० अंशांवर. त्या दिशेने उतरणारे विमान किब्ल्याच्या जेमतेम दहा अंश डावीकडे तोंड करून टेकते. वर्गात होकायंत्र घेऊन हे मोजायला लावले, तर भूगोलाला कंटाळणारी मुलेही उठून खिडकीशी गेली.

उर्दूच्या तासाला मी हिजाब इम्तियाज अली यांचेही नाव घेतले. उर्दूतल्या नामवंत कथालेखिका, आणि १९३६ मध्ये विमान चालवण्याचा परवाना मिळवलेल्या. लेखिका म्हणून त्यांची ओळख आपण करून देतो, पण हा परवाना सांगायचा मात्र विसरतो.

एवढे झाल्यावर मी त्या मुलीच्या घरी गेले. अब्बांना खरे तेच सांगितले. अडचण उर्दूची नाही, अडचण दोन आहेत. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागते, आणि व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण. त्याचा खर्च लाखांत नव्हे, कित्येक लाखांत जातो. कर्ज काढायचे तर व्याजाचा प्रश्न येतो, तो प्रत्येक घराने आपापला सोडवायचा. पण त्याच रेडिओच्या दुसऱ्या टोकालाही माणूस बसलेला असतो. टॉवरमधला हवाई वाहतूक नियंत्रक. भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन बीएस्सी केलेल्याला एअरपोर्ट्स ऑथॉरिटीची परीक्षा देता येते, आणि त्याला दोनशे तासांचे उड्डाण विकत घ्यावे लागत नाही. अब्बा गप्प बसले. अम्मीने चहाबरोबर विचारले, “टॉवरमध्ये रात्रपाळी असते का?” असते, असे मी सांगितले. लपवून काय उपयोग?

मुलीचे नाना आयुष्यभर मालवाहू जहाजावर होते. ते इतका वेळ कोपऱ्यात तसबीह फिरवत होते. मी म्हटले, विमानाच्या डाव्या पंखावर कोणता दिवा असतो सांगा. त्यांनी मान वर न करताच उत्तर दिले, “लाल. उजव्याला हिरवा. जहाजाला तसंच.” मग तेच विचारू लागले. वारा कशात मोजतात? नॉटमध्ये. अंतर? सागरी मैलात. “मग हे सगळं आमचंच नेलंय,” ते म्हणाले, आणि पहिल्यांदा हसले. थोड्या वेळाने गंभीर होऊन त्यांनी विचारले, “आणि रेडिओच बंद पडला तर?”

त्याचे उत्तर मी देण्याआधी मुलीनेच दिले. यंत्रावर ७६०० हा आकडा लावायचा, म्हणजे जमिनीवर कळते की विमानाचा रेडिओ गेला. मग टॉवरकडे बघायचे. तिथून दिव्याचा झोत येतो. स्थिर हिरवा म्हणजे उतरा, स्थिर लाल म्हणजे वाट द्या आणि घिरट्या घालत राहा.

नानांनी जावयाकडे पाहिले. “अकरावीला सायन्सच घ्यायला लाव हिला,” ते म्हणाले.