तळ्यांच्या मुलखात

दिवाळीच्या सुट्टीत कुठे जायचे, हा प्रश्न आपल्या घरांत महिनाभर चघळला जातो. गेल्या वर्षी आमच्याकडे त्यात अमेरिकेची भर पडली. ॲरिझोनातल्या भाच्याने कळवले, की वाळवंटातल्या तांबड्या दऱ्या पाहिल्या आणि हिरव्यागार मैदानावर गोल्फही खेळलो. "वाळवंटात हिरवळ कशी हो, बाबा?" धाकटीने विचारले. तिकडे कोलोरॅडो नदीचे पाणी ३३६ मैलांच्या कालव्यातून आणतात, हे तिला सांगताना मनात आले, पडलेला पाऊस आहे तिथेच अडवणारी माणसे आपल्याकडे होती. त्यांचा मुलूख पाहावा. झाले, गोंदियाची तिकिटे काढली.

कोल्हापूरहून निघणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस पुण्यावरून सारा महाराष्ट्र ओलांडते आणि गोंदियाला थांबते. एवढा लांबचा प्रवास करून तिथे काय पाहायचे, ही सौ.ची शंका नवेगावबांधला पोचेपर्यंत टिकली. समोर डोंगरांच्या कुशीत पसरलेले अफाट पाणी पाहून तिने पिशवी खाली ठेवली आणि बराच वेळ ती काही बोललीच नाही!

हा तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला. भोवतालच्या टेकड्यांना लोक 'सात बहिणी' म्हणतात. बांध घालताना त्यांनी कोलू पाटलांना मदत केली, अशी श्रद्धा आहे. खुद्द पाटील आता कोलासूर देव झाले आहेत आणि त्यांचे ठाणे डोंगरावर आहे. लढाई जिंकून देव झालेले वीर आपण पुष्कळ ऐकतो. तळे बांधून देवपद मिळवलेला माणूस मला इथेच भेटला.

कोहळी हे तळी बांधण्यात वाकबगार. गोंड राजे तळे बांधणाऱ्याला त्याखालची जमीन इनाम देत, असे सांगतात. म्हणून भंडारा-गोंदियाकडे गावोगाव तलाव आणि बोड्या दिसतात. उतार पाहून मातीची पाळ घालायची, जास्तीचे पाणी सांडव्यावाटे काढून द्यायचे आणि धानाला लागेल तसे सोडायचे. १९५०च्या कायद्याने मालगुजारी संपली. ती जाचक पद्धत गेली, हे उत्तमच झाले. परंतु तलाव सरकारजमा झाले आणि गाळ काढण्याचे काम कुणाचेच राहिले नाही. पुष्कळ तळी उथळ झाली, बेशरमीच्या झुडपांनी भरली. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या काही गावांत मात्र ढिवर मंडळींनी ती झुडपे उपटून देशी पाणवनस्पती लावल्या. मासळीवर ज्यांचे पोट, त्यांनाच तळ्याची माया!

पाण्याचा आणखी एक वारसदार आम्हाला भल्या पहाटे दिसला. धान कापलेल्या बांधीत सारसांची जोडी उभी होती. राखी अंग, तांबडी मान आणि उंची जवळजवळ माणसाएवढी! उडणाऱ्या पक्ष्यांत सर्वांत उंच तो हाच. महाराष्ट्रात आता सारस मोजकेच उरले आहेत आणि त्यांचे मुख्य घर गोंदिया. पावसाळ्यात ते धानाच्या पाण्यातच घरटे करतात. म्हणजे अंडी राहतात ती शेतकऱ्याच्या भरवशावर. शेजारच्या बांधीतले म्हातारबुवा म्हणाले, "पानी हाये तवर सारस हाये." झाडीबोलीत 'ण' नाही, पण या वाक्यात कमी काहीच नव्हते.

जंगलासाठी नागझिरा आहेच. २०१३ पासून नवेगाव-नागझिरा हा व्याघ्रप्रकल्प आहे. मारुती चितमपल्लींची पुस्तके वाचून गेलात, तर झाडे-पाखरे ओळखीची वाटतील. वाघ दिसेल किंवा न दिसेल. हिवाळ्यात तलावावर उतरलेली परदेशी बदके सहसा निराश करत नाहीत.

तेव्हा नवेगावला जरूर जा. दुर्बीण घ्या, गरम कपडे घ्या. आणि पाळीवरून चालताना एकदा पायाखालीही पाहा. ती माती कुणीतरी पाटी-पाटीने वाहून टाकलेली आहे.